शिराझ उपटून टाकलेल्या मामांना घेऊन पोर्तुगालच्या वाईन-मुलखात

परत येऊन महिना होत आला, आता लिहून टाकते, कारण जायच्या आधी मी मराठीत असं काही शोधत होते आणि सापडत होते ते फक्त ग्लास हातात धरलेले सूर्यास्ताचे फोटो. कुणी हे सांगत नव्हतं की सातबाऱ्यावर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) व्हिसा मिळतो का, टेस्टिंगला गेल्यावर आपल्याला काहीच कळत नसेल तर लोक हसतात का, आणि न पिणाऱ्या माणसाला सोबत नेलं तर त्यानं तिथं करायचं काय.

न पिणारा माणूस म्हणजे माझे मामा. वय ६६, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. २००१ ला सरकारनं वाईनचं धोरण आणलं, त्यानंतर आमच्याकडं सगळीकडं वाईन द्राक्षांची हवा झाली होती, तेव्हा मामांनीही २००६ ला दोन एकर शिराझ ही वाईनची जात लावली. एका वायनरीशी करार होता. पहिली दोन पिकं बरी गेली, २००९ ला मंदी आली, वायनरीवाल्यानं पैसे थकवले, मग फोन उचलणं बंद केलं, आणि २०११ ला मामांनी जेसीबी लावून सगळी शिराझ मुळासकट काढली आणि परत खायची थॉमसन लावली. यात गंमत अशी की इतकी वर्षं वाईनची द्राक्षं पिकवून मामांनी वाईन एकदाही चाखलेली नव्हती. घरात पीत कुणी नाही, आणि वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये शेतकऱ्याला कोण बोलावतंय.

मी पुण्यात नोकरी करते, पोर्तुगालला जायचं डोक्यात दोन वर्षं होतं. २०२४ च्या मे महिन्यात गावी गेले असताना सहज म्हटलं, "मामा, चलता का? तिकडं सप्टेंबरात तोडणी असते." मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "ऑक्टोबर छाटणीच्या आत परत आणशील का?" झालं.

आता व्हिसा. माझं प्रकरण सोपं होतं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, ऑफिसचं पत्र, संपलं. मामांची फाईल मात्र मी नोकरीतल्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा जास्त मन लावून केली असेल. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळं रिटर्न भरायची कधी गरजच पडली नव्हती, आणि यादीत तर तीन वर्षांचे रिटर्न लिहिलेले. मग आम्ही काय काय लावलं ते सांगते, कुणाला तरी उपयोग होईल: सातबारा आणि आठ-अ चे उतारे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, एक्स्पोर्टरनं माल उचलल्याची तीन हंगामांची बिलं, त्या बिलांचे पैसे खात्यात आल्याचं दिसणारं बँक स्टेटमेंट (बिलावरची रक्कम आणि स्टेटमेंटमधली एंट्री मी एकाच रंगाच्या हायलायटरनं रंगवली), एफडीची पावती, आणि मामींसकट घरच्यांची नावं असलेलं रेशनकार्ड, म्हणजे माणूस परत येणार याला घर आहे हे दिसावं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी केली, त्याचे ३,२०० रुपये गेले. वर एक पानी पत्र, की अर्जदार द्राक्ष बागायतदार आहेत, वाईनच्या द्राक्षांची तोडणी बघायला भाचीबरोबर जात आहेत आणि छाटणी सुरू होत असल्यानं अमुक तारखेच्या आत परतणं त्यांना भाग आहे. ते शेवटचं वाक्य मामांनी स्वतः सांगितलं होतं. मला अजूनही वाटतं व्हिसा त्या वाक्यावर मिळाला.

एक अडचण नावाची आली. सातबाऱ्यावर मामांचं नाव एक, पासपोर्टवर स्पेलिंग दुसरं, बँकेत तिसरंच. एकाच माणसाची ही नावं आहेत असं शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र केलं. तुमच्याकडं घरातल्या मोठ्या माणसांचे कागद असतील तर हे आधी तपासा, आमचे यात आठ दिवस गेले.

अपॉइंटमेंट मिळता मिळत नव्हती, रोज सकाळी उठून साईट उघडायची, सगळे दिवस करडे. शेवटी १२ जुलैची मिळाली, मुंबईत. शेंगेनची फी ११ जूनलाच ८० वरून ९० युरो झालेली, म्हणजे माणशी आठ हजारांच्या वर, शिवाय अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या कव्हरचा लागतो, मामांच्या वयामुळं त्यांचा माझ्या तिप्पट पडला.

आणि सेंटरमध्ये मामांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. चाळीस वर्षं कात्री धरलेली, औषधं मारलेली बोटं, रेषा गुळगुळीत झालेल्या. मशीन लाल दिवा दाखवतंय, ती मुलगी "जरा जोरात दाबा काका" म्हणतेय, मामा घामाघूम. सहाव्या की सातव्या वेळेला तिनं ओला टिश्यू दिला, बोटं पुसून, फुंकर मारून, मग एकदाचे आले. शेतकरी माणसाला नेत असाल तर आधी आठवडाभर रोज रात्री हाताला खोबरेल लावा. हे मला आधार कार्डवाल्यानं नंतर सांगितलं.

पासपोर्ट ६ ऑगस्टला परत आले. दोघांनाही व्हिसा. मामांनी स्टिकर उन्हात धरून बघितला, नोट खरी आहे का बघतात तसा.

पुढं मामींचा प्रश्न. गणपती विसर्जन १७ सप्टेंबरला, लगेच पितृपक्ष, आणि आमचं विमान २१ ला. "पितरांच्या पंधरवड्यात दारू प्यायला चाललेत," असं त्यांनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली. त्यात १६ तारखेपासून उत्तर पोर्तुगालमध्ये वणवे पेटल्याच्या बातम्या, व्हॉट्सॲपवर जळत्या डोंगरांचे व्हिडिओ. मी हॉटेलवाल्यांना मेल टाकला, त्यांचं उत्तर आलं की आमच्या खोऱ्यात ठीक आहे, तोडणी चालू आहे, या. आम्ही निघालो.

मुंबई, दुबई, लिस्बन. तिकीट जाऊन-येऊन माणशी ६४,००० रुपये पडलं, जूनमध्ये काढलेलं असूनही. लिस्बनला इमिग्रेशनच्या काउंटरवर मी मामांच्या मागं उभी, त्या साहेबानं विचारलं कशासाठी आलात, मामांनी पाठ करून ठेवलेलं 'टुरिझम' विसरले आणि म्हणाले, "ग्रेप्स." साहेबानं मान वर करून बघितलं. मामांनी दोन्ही हातांनी घड कापायची खूण केली. शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं पोर्तोला, तीन तास. इथं कामाची गोष्ट: पोर्तुगालच्या सरकारी रेल्वेत ६५ वर्षांवरच्यांना निम्मं तिकीट असतं, परदेशी असलात तरी, फक्त वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. मामांना याचा जो आनंद झाला तो पुढं कुठल्याच वाईननं झाला नाही. पोर्तोचं सांव बेंतो स्टेशन आतून सगळं निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं, लढाया, मिरवणुका, शेतीची कामं. लोक टाइल्सचे फोटो काढत होते आणि मामा त्यात नांगर शोधत होते.

२३ तारीख, सोमवार. पोर्ट वाईनचं एक लक्षात घ्या, ती ज्या गावाच्या नावानं विकली जाते तिथं पिकत नाही. द्राक्षं आत शंभरेक किलोमीटरवर दोरू नदीच्या खोऱ्यात होतात (नकाशावर स्पेलिंग बघून आपण काहीही उच्चारतो, तिथले लोक दोरू म्हणतात) आणि पिंपं मुरतात ती पोर्तोच्या समोरच्या काठावर, विला नोव्हा द गाया इथं. समुद्र जवळ म्हणून हवा थंड आणि दमट. पूर्वी पिंपं राबेलो नावाच्या चपट्या होड्यांतून नदीनं यायची, नदीवर धरणं झाली आणि ते संपलं, आता होड्या शोभेला बांधून ठेवल्यात. १८८६ चा लोखंडी दुमजली पूल आहे, खालच्या मजल्यावरून चालत गेलं की समोर सगळी जुनी कोठारं, छपरांवर मोठ्या अक्षरांत नावं. कोप्के १६३८ चं, टेलर्स १६९२ चं, सँडमन १७९० चं. शिवाजी महाराज १६३० चे, त्यामुळं मामांनी लगेच हिशोब लावला की पहिलं दुकान निघालं तेव्हा महाराज आठ वर्षांचे.

आम्ही यातल्याच एका कोठारात टूर घेतली, माणशी २० युरो, तीन वाईन्स. आधी ऑनलाइन बुक करा, सप्टेंबरात तिथं उभ्या उभ्या जागा मिळत नाही आणि इंग्रजी टूरच्या वेळा ठराविक असतात. आत अंधार, गारवा, आणि ५५० लिटरची लाकडी पिंपं ओळीनं. या पिंपाला ते पाइप म्हणतात आणि तिथला सगळा हिशोब याच मापात चालतो, आपल्याकडं क्विंटल तसा.

मग टेस्टिंगचं टेबल. खरं सांगते, मला इथंच सगळ्यात जास्त टेन्शन होतं. नाशिकला मी दोन-तीनदा वायनरीत गेलेय, पण तिथं आपलीच माणसं, हसून निभावतं. इथं शेजारी एक जोडपं वहीत नोंदी करत होतं. मामांनी ग्लास हातात घेतला आणि तीर्थासारखा एका झटक्यात तोंडात टाकला. पोर्ट साधी वाईन नसते, त्यात १९ ते २२ टक्के अल्कोहोल असतं. मामांचे डोळे पाण्यानं भरले, ठसका लागला, आणि पाणी पिऊन पहिलं वाक्य काय, तर "हे तर द्राक्षासव आहे." मी मेल्याहून मेल्यासारखी. पण ती गाईड मुलगी फार चांगली होती, तिनं मामांना टेबलावरचं भांडं दाखवलं आणि सांगितलं की गिळायची गरजच नाही, आम्ही रोज इतकं चाखतो, आम्हीही थुंकतो. थुंकणं हा तिथं अपमान नाही, उलट जाणकारीचं लक्षण. हे मला आधी कळलं असतं तर माझी निम्मी भीती गेली असती.

पुढं मामा जे करायला लागले ते बघण्यासारखं होतं. तोंडात घोटभर घ्यायचं, गालात फिरवायचं, थुंकायचं, आणि मग वासावर बोलायचं. पहिली रुबी होती, मोठ्या टाक्यांत ठेवलेली, लालभडक, त्यांना जांभळाची आठवण झाली. दुसरी दहा वर्षांची टॉनी. ही लहान पिंपांत मुरते, लाकडातून हळूहळू हवा लागते, रंग उतरून विटकरी होतो. मामांनी ग्लास नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "सांगलीला बेदाण्याच्या शेडमध्ये शिरलं की येतो बघ, तो वास." मी हे मोडक्या इंग्रजीत गाईडला सांगितलं, म्हटलं सुकवलेल्या द्राक्षांचा वास येतोय म्हणतात. ती म्हणाली, बरोबर, टॉनीत आम्ही हेच शोधायला सांगतो, मनुका आणि अक्रोड. शेजारच्या जोडप्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मी उगीच ताठ बसले.

तर टिप अशी की जे वाटतं ते बोला. ब्लॅकबेरी आणि सीडरचं लाकूड आपण आयुष्यात कधी हुंगलेलं नसतं, ते खोटं खोटं बोलू नका. जांभूळ म्हणा, चिंच म्हणा, ओल्या गोणपाटाचा वास म्हणा. जाताना पोटभर जेवून जा, आणि दिवसाला दोन ठिकाणांपेक्षा जास्त ठेवू नका, तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही आणि नुसते पैसे जातात. खरेदीची कुणी जबरदस्ती केली नाही.

२४ ला सकाळी रेल्वेनं खोऱ्यात, पिन्यांव गावाला. अडीच तास, साधारण बारा युरो, मामांना सहा. जाताना उजव्या बाजूला बसा, पहिला तासभर काही नाही, मग गाडी नदीला खेटून चालायला लागते ती शेवटपर्यंत. पिन्यांवच्या स्टेशनवरही टाइल्स आहेत, पण इथं सगळी द्राक्षतोडणीची चित्रं. आणि स्टेशनबाहेर मान वर केली की चारी बाजूंनी डोंगर आणि डोंगरांना पायऱ्या.

मामा बोललेच नाहीत काही वेळ. आपली बाग म्हणजे सपाट रान, मंडप, वाय आकाराचे आधार, ठिबक, ओळीत ट्रॅक्टर. इथं कड्यावर दगडी बांध रचून पायऱ्या केलेल्या, काही पायऱ्यांवर वेलींच्या जेमतेम दोन ओळी. जमीन म्हणजे माती नाहीच, शिस्ट नावाचा पापुद्र्यापापुद्र्याचा दगड, हातानं तुटतो. हे सगळं आधी माणसांनी पहारीनं फोडून केलंय. २००१ ला युनेस्कोनं या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून घेतलं, आणि त्याच्या किती आधी, १७५६ ला, मार्किस पोंबाल या तिथल्या मंत्र्यानं इथं कुठल्या हद्दीतल्या द्राक्षांना पोर्ट म्हणायचं ते ठरवून दिलं आणि पुढच्या काही वर्षांत हद्दीवर ग्रॅनाइटचे दगड रोवले. मामा म्हणाले, "म्हणजे मोजणी करून खुणा घातल्या." अगदी तेच.

आम्ही एका लहान किंतामध्ये राहिलो. किंता म्हणजे मळा आणि मळ्यातलं घर. खोली दोघांत दोन रात्री २१० युरो, आणि २५ तारखेचा तोडणीचा कार्यक्रम माणशी ९५ युरो, त्यात सकाळी तोडणी, दुपारी जेवण, टेस्टिंग आणि संध्याकाळी द्राक्षं तुडवणं. मी मे महिन्यातच मेल करून ठेवला होता. तोडणीची नक्की तारीख ते आधी सांगत नाहीत, साखर बघून ठरवतात, म्हणून हातात दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. आणि स्वतः गाडी चालवायचा हट्ट नको, रस्ते वळणावळणाचे आहेत आणि टेस्टिंग करून चालवणं म्हणजे कायद्यानंही गोत्यात यायचं.

सकाळी साडेसातला आम्ही रानात. आमच्याबरोबर अजून सहा पर्यटक, आणि खऱ्या मजूर बायका-माणसं वेगळी. सगळ्यांना कात्री आणि बादली दिली. मुकादम बाई मामांकडं बघून ओरडली, "ओ बाल्द!" आणि मामांनी कुणी न सांगता बादली उचलून तिच्या हातात दिली. मग थबकून माझ्याकडं बघितलं. बादली हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांकडूनच आलाय, चावी, बटाटा, पगार, पाव हे पण. त्या दिवसापासून मामा हॉटेलच्या बिलावर, स्टेशनच्या पाट्यांवर मराठी शब्द शोधत फिरायला लागले आणि पगार म्हणजे तिकडं पैसे देणं हे कळल्यावर म्हणाले, "बघ, आपण घेणं धरलं, त्यांनी देणं."

पहिला घड हातात आला तेव्हा मात्र मामा नाराज. "एवढेसे मणी? हे तर आपण विरळणीत खाली टाकू." एक्स्पोर्टच्या द्राक्षाला अठरा मिलिमीटर फुगवण लागते, मणी फुगवायच्या जीए या औषधात बुडवा, विरळणी करा, आणि इथं हरभऱ्याएवढे काळे मणी, जाड साल, आत बी. किंताचा तरुण मालक आमच्याबरोबर होता. त्यानं समजावलं की आम्हाला सालच हवी, रंग आणि तुरटपणा सालीत असतो, मणी मोठा झाला की आत पाणी वाढतं. मामांनी खिशात हात घातला आणि रिफ्रॅक्टोमीटर काढला, रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायचं यंत्र. मला माहीतच नव्हतं तो त्यांनी आणलाय. चष्म्याच्या डबीत घालून निफाडहून आणलेला. तोरीगा नासिओनाल नावाच्या जातीचा मणी काचेवर पिळला, सूर्याकडं धरला. २४ ब्रिक्स. मालकानं स्वतःचा काढला, त्यातही २४. दोघांनी एकमेकांचं यंत्र बदलून बघितलं. त्यानंतर पुढचे दोन तास माझी गरज उरली नाही, मी फक्त जिथं अडलं तिथं भाषांतर केलं.

पाणी किती देता? देत नाही, बऱ्याच बागा पावसावरच, मुळं दगडाच्या भेगांतून खोल जातात. खुंट कुठला? इथं मालकानं गोष्ट सांगितली की १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि खोरं उजाड झालं, मग अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलमं बांधली तेव्हा बागा परत उभ्या राहिल्या, समोरच्या डोंगरावर त्या वेळी सोडून दिलेल्या पायऱ्या अजून तशाच आहेत, झुडपं वाढलेली. मामा म्हणाले, "सांग त्याला, आपल्याकडं पण खुंट अमेरिकन, डॉगरिज." डॉगरिज हा शब्द मालकाला भाषांतराशिवाय कळला.

आणि भाव? हा प्रश्न मामांनी अगदी शेवटी विचारला. मालक जरा गप्प झाला. दोरूत दरवर्षी ठरवून देतात की सगळ्या खोऱ्यानं मिळून किती पोर्ट करायची, आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या प्रतीप्रमाणं वाटा मिळतो. उतार, उंची, दगड, वेलींचं वय यावरून तुकड्यांना गुण देऊन अ, ब, क असे वर्ग पाडलेत. २०२४ ला तो आकडा ९०,००० पाइप होता, २०२३ ला १,०४,०००. वाट्यातल्या द्राक्षाला बरा भाव, उरलेलं साध्या वाईनला जातं आणि त्याला भाव पडलेला. जगात खप कमी झालाय, कंपन्यांच्या टाक्या भरलेल्या, कितीतरी लहान शेतकऱ्यांना या हंगामात द्राक्षं घ्यायला कुणी नाही म्हणून पत्रं आली. मी हे मराठीत सांगत होते आणि मामा मान हलवत होते, मला वाक्य पुरं करू न देता. मग म्हणाले, "त्याला विचार, उपटणार का?" मी विचारलं. तो म्हणाला, आजोबांनी लावलेली वेल आहे. मामांनी यावर काही म्हटलं नाही, कात्री घेऊन परत ओळीत शिरले, आणि ज्या वेगानं त्यांनी घड उतरवायला सुरुवात केली त्यानं त्या मजूर बायका काम थांबवून बघायला लागल्या.

दुपारी जेवण. शाकाहारी लोकांनो, काल्दु व्हेर्द नावाचं हिरव्या भाजीचं सूप दिसायला निर्धोक असतं पण त्यात सॉसेजच्या चकत्या असतात, 'सें शोरीसु' म्हणून आधी सांगा. मामांनी पंधरवडा पाळून पाव, उकडलेले बटाटे, ऑलिव्ह आणि चीजवर दिवस काढले, मेतकुटाची पुडी मी नेली होती ती तिसऱ्या दिवशी संपली.

संध्याकाळी लागार. ग्रॅनाइटचा मोठा चौकोनी हौद, त्यात दिवसभराची द्राक्षं. पाय धुवून, चड्ड्या घालून आत उतरायचं, मांडीपर्यंत रस. आधी इतकं गार की ओरडायला होतं, आणि पायाखाली देठं टोचतात. पहिला तास शिस्तीचा असतो, खांद्यावर हात टाकून रांग करायची आणि एकजण ओरडतो डावा-उजवा, तसं सगळ्यांनी एक पाऊल एक पाऊल करत हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मामांनी दोन मिनिटांत लय पकडली. "ही तर पावली," म्हणाले, आणि वारीत खेळतात तशी पावली सुरू केली, दोन पुढं एक मागं. त्यांच्या दोन्ही बाजूंचे पर्यटक गडबडले, मग त्यांनीही धरली. शिस्तवाला माणूस आधी चिडला, मग नाद सोडला. पायानंच का, तर पाय बी फोडत नाही, बी फुटलं की कडवट होतं. दोन-तीन दिवस आंबू देतात, साखर निम्मी उरली की ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं कडक मद्य ओततात, म्हणजे आंबणं थांबतं आणि गोडी आत राहते. साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, मिळून एक पाइप. पोर्ट गोड का आणि इतकी चढते का, हे मला इतकी वर्षं गोव्यात स्वस्त पोर्ट वाईन बघूनही कधी कळलं नव्हतं.

पाय चार दिवस जांभळे राहतात. पांढरे सॉक्स नेऊ नका.

टेस्टिंग त्या दिवशी तोडणीच्या ओळींसमोरच झालं, ओट्यावर. आणि तिथं मामांनी एक घोट गिळला. तो पोर्टचा नव्हता, साध्या लाल वाईनचा होता. मला न विचारता, भांडं हातात असताना, गिळला. मी बघितलं, त्यांनी मी बघितलेलं बघितलं. "शिराझ अशीच लागत असंल का गं?" मी म्हटलं, साधारण. जास्त मिरीसारखी. "हं," म्हणाले आणि उरलेली ओतून दिली.

परत येतानाचं थोडक्यात. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते. पोर्टची बाटली ७५० मिलीची, म्हणजे दोनच, तिसरी घेतली की पाव लिटरनं पुढं जाता. आम्ही दोघांत चार आणल्या, चेक-इन बॅगेत, एकेक बाटली सॉक्समध्ये, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग कपड्यांच्या मधोमध. हँडबॅगेत टाकली तर सिक्युरिटीला सोडून द्यावी लागेल. सगळा खर्च, विमान-व्हिसा-राहणं-खाणं धरून, माणशी एक लाख ४८ हजार. २९ सप्टेंबरला पहाटे मुंबई, दुपारी निफाड, आणि १ ऑक्टोबरला मामांची छाटणी सुरू.

उघडलेली टॉनी फ्रीजमध्ये महिनाभर टिकते, व्हिंटेज (एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरलेली) घेतलीत तर दोन दिवसांत संपवा. मामांची टॉनी दसऱ्याला उघडली. मामींनी चमचाभर घेतली आणि साखर जास्त झालीय म्हणाल्या. परवा सकाळी सहाला मामांचा फोन. त्यांनी पोर्टचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला होता. मी अर्धवट झोपेत सांगितलं की मामा, अल्कोहोलमुळं त्यावर रीडिंग चुकीचं येतं. म्हणाले, "ते मला कळतंय. किती चुकतं ते त्या पोराला मेल करून विचार. आणि त्याचा माल गेला का, तेही विचार."

मेल केलाय. तिकडं अजून कामं चालू असतील, उत्तर आलेलं नाही.